आखूड शिडी

“एक फूट सोडून धर,” आबा म्हणाले.

हे सांगायची खरं तर गरज नव्हती. आमच्या घरातल्या कापडी टेपचा पहिला फूट मी चौथीत असताना कुठल्याशा मोजणीत बैलाच्या पायाखाली येऊन तुटला होता. तेव्हापासून तो टेप एक या आकड्यापासूनच सुरू व्हायचा. जे माप येईल त्यातून एक वजा करायचं, ही आमच्या घरातल्या सगळ्यांची सवय होती. आई पडद्याचं कापड मोजतानाही न चुकता एक वजा करायची. आबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. निवृत्त होताना साहेबांनी शाल-नारळ दिला आणि आबांनी हा टेप मागून घेतला. नवा आणा म्हटलं की म्हणायचे, “एका फुटानं काय अडतंय? लक्षात ठेवायचं.”

मी टेप एकच्या आकड्यावर चिमटीत धरला आणि खांबाला टेकवला. आबा दुसऱ्या टोकाला गेले. लहानपणी सुट्टीत ते मला मोजणीला न्यायचे, तेव्हाही माझं काम हेच असायचं. बांधाच्या एका टोकाला मला उभं करायचे, साखळीची कडी हातात द्यायचे आणि म्हणायचे, “धरून ठेव, हलायचं नाही, मी परत येतो.” आणि साखळी ओढत लांब लांब जात राहायचे, ज्वारीच्या मागे टोपी दिसेनाशी होईपर्यंत. मी हलायची नाही.

“साडेसहा,” आबांनी वाचलं. “म्हणजे साडेपाच. बास. आता वर आला तरी त्याला टेकायला जागा नाही.”

तो म्हणजे वाघ. आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याला वाघच म्हणतात.

तो आमच्याकडे यायला लागला त्याला दोन वर्षं झाली होती. कालवा आला, कालव्याबरोबर ऊस आला, आणि उसाबरोबर तो. आमची वस्ती गावापासून दीड मैलावर, कालव्याच्या खालच्या अंगाला. तीन खोल्या, कडेला लोखंडी जाळी लावलेला ओटा, बाजूला गोठा, आणि मागे चाळीस पावलांवर गेनभाऊ तांब्यांचा ऊस. दिवाळीनंतर त्याने आमचा एकर नेला. एकर हा आबांचा सगळ्यात मोठा कुत्रा. आबांच्या कुत्र्यांची नावं अशीच असायची. एकर, बिघा, आणि सगळ्यात बुटका तो गुंठा. कुत्रीचं नाव त्यांनी सीमा ठेवलं होतं, पण गेनभाऊंच्या सुनेचं नाव सीमा निघालं आणि ती हळदी-कुंकवाला यायची बंद झाली. मग कुत्रीची साखळी झाली.

एकर पिंजऱ्यात होता तरी गेला. जमिनीवरच्या पिंजऱ्याला वाघ बाहेरून चिकटला, जाळीतून पंजा घातला आणि जेवढा हाताला लागला तेवढा ओढला. सकाळी आबांनी काय पाहिलं ते त्यांनी आईला सांगितलं नाही, मलाही नाही. फोनवर एवढंच म्हणाले, “वैजू, रजा मिळेल का आठ दिवस? एक काम काढलंय. दुसरं टोक धरायला कुणीतरी पाहिजे.”

मी पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. छत्तीस वर्षांची होते. रजा टाकून आले.

ते काम म्हणजे कुत्र्यांचे माळे. पाखरं राखायला शेतात माळा घालतात, तसे. बोअरचे जुने लोखंडी पाइप चार बाजूंना दोन-दोन फूट काँक्रीटमध्ये गाडायचे, साडेपाच फुटांवर फळ्यांचा तळ, चारी बाजूंनी दुहेरी जाळी, वर उतरता गुळगुळीत पत्रा. पाइपांना ग्रीस. “पिंजरा मजबूत असून भागत नाही,” आबा मला समजावून सांगत होते. “त्याला बाहेर उभं राहायला जमीनच मिळता कामा नये. मिळाली की तो रात्रभर बसून काम करतो.”

कुत्र्यांना वर चढायला शिडी होती. शिडी म्हणजे एक रुंद फळी, तिच्यावर वितीच्या अंतराने आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. संध्याकाळी कुत्रं चढलं की कडी घालायची आणि शिडी काढून आणायची. ती तिथे राहिली तर वाघाला आयता जिना. प्रत्येक शिडीला मधोमध दोरीचा फास होता. ओट्याच्या भिंतीत आबांनी तीन खुंट्या मारल्या होत्या. शिडी भिंतीला उभी करायची आणि फास खुंटीत अडकवायचा. जेवायला बसल्यावर आबा खिडकीतून ओट्याकडे बघून मोजायचे. दोन माळे झाले होते, तोवर “एक, दोन” म्हणायचे आणि मगच भाकरी मोडायचे.

आणि एक नियम. छपरावरच्या काळ्या टाकीवर सकाळचं ऊन आल्याशिवाय कुणीही ओट्याची जाळी उघडायची नाही. आई म्हणायची, पोटात कळ आली तरी? आबा म्हणायचे, तरी.

त्या दिवशी तिसरा माळा चालला होता, साखळीचा. तो घराजवळ घ्या म्हणून आई कालपासून मागे लागली होती. पण साखळी नुकती व्यायली होती, उसाच्या कडेच्या करंजाखाली खड्डा करून. चारही पिल्लं आम्ही दोनदा गोठ्यात आणून ठेवली आणि दोन्ही वेळा तिने एकेक करून मानेला धरून परत नेली. तेव्हा आबा म्हणाले, तिची जागा तिने ठरवलीय, आपण फक्त उंची वाढवायची. म्हणून तिसरा माळा करंजाखाली आला. घरापासून पंचवीस पावलं. उसापासून पंधरा.

दहाच्या सुमाराला गेनभाऊ बांधावरून आले. माळ्याभोवती एक चक्कर मारली, वर बघितलं.

“आबा, कुत्र्यांना माडीचं घर. आम्ही पत्र्यात.”

“तुम्हालाही बांधून देतो,” आबा म्हणाले. “शिडी मात्र रोज संध्याकाळी काढून नेणार.”

गेनभाऊ हसले. मग माझ्याकडे बघून आवाज उतरवला. पलीकडच्या अंगाने त्यांच्या उसाला तोड लागली होती. टोळीवाल्यांना सकाळी सरीत ताजा माग दिसला होता, एका मोठ्याचा. तोड जशी पुढे सरकेल तसं ते जनावर आमच्या बाजूला दाबलं जाणार होतं. “दोन-तीन दिस जरा जपून,” ते म्हणाले. “पोरीला लांब पाठवू नका.”

“पोरीला तर काम आहे,” मी म्हणाले.

मला तेव्हा भीती वाटली नव्हती असं नाही. पण आल्यापासून सहा दिवस मी आईला हसत होते. ती दुपारी कपडे वाळत घालतानाही थाळी वाजवायची. मी तिला म्हणाले होते, पुस्तकात लिहिलंय, बिबट्या माणसाला टाळतो. तिने विचारलं होतं, त्याने वाचलंय का ते?

शिडीची फळी मी एकटीने मोजली. आबा वर जाळी बांधत होते. त्यांनी वरूनच सांगितलं, नऊ फूट घे. मी टेपचं तुटकं टोक फळीच्या कडेला लावलं, नऊच्या आकड्यावर खूण केली, आणि आबांनी खाली येऊन खुणेवर करवत चालवली. पट्ट्या ठोकल्या, फास बांधला. कुत्र्याला चढवेल अशा उताराने लावून बघितली तर माळ्याच्या उंबऱ्याला पोचेना. एका फुटाने आखूड.

मला काही क्षण कळेचना. आबांना लगेच कळलं. त्यांनी टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“पुण्याचे टेप शाबूत असतात,” ते म्हणाले.

तेवढंच. खिशातली जांभळी कॉपिंग पेन्सिल काढली, शिसं जिभेला लावलं आणि फळीच्या मागच्या अंगाला लिहिलं, ‘१ फूट कमी. वै.’ मोजणीत चूक सापडली की नकाशाच्या कोपऱ्यात ते असंच लिहायचे, काय चुकलं आणि कुणाकडून. आखूड शिडी ओट्यासमोरच्या हौदाला टेकवून ठेवली. म्हणाले, राहू दे, पिल्लं मोठी झाली की कामाला येईल. दुपारी गोठ्यातली एक जुनी फळी काढून नवी शिडी केली. ती त्यांनी स्वतः मोजली.

साडेचारला साखळी पहिल्यांदा माळ्यावर चढली. दोन पट्ट्या चढायची, खाली बघायची, उतरायची. शेवटी आबांनी एक पिल्लू वर नेऊन ठेवलं, ते कुईं करायला लागलं आणि ती तीन उड्यांत वर. आईने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, “आता रंगही द्या हो. मी अकरा वर्षं मोरीला फरशी मागतेय, ती राहू दे.” आबा म्हणाले, फरशीसाठी मोरी साडेपाच फूट उचलावी लागेल. आई खूप दिवसांनी तोंडाला पदर लावून हसली.

ती आमच्या घराची शेवटची साधी दुपार. चहा झाला. गूळ किसलेला होता. आबांच्या बोटांना ग्रीस होतं आणि बशीला त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता.

संध्याकाळी आबा गोठ्यात जनावरं आत घेत होते. आई चुलीपाशी होती. शिड्या काढायचं काम पहिल्या दिवसापासून मी मागून घेतलं होतं. मी निघाले तसे आबा गोठ्याच्या दारातून म्हणाले, “वैजू. तिसरी लांब आहे. भीती वाटली तर सांग, मी काढतो.”

“मी काय लहान आहे, आबा?”

“लहानपणी तू घाबरायची नाहीस,” ते म्हणाले आणि आत गेले.

बिघाची शिडी काढली, आणून अडकवली. गुंठ्याची काढली, अडकवली. अजून चांगलं दिसत होतं, आकाश पिवळट होतं. तिसऱ्याकडे निघाले. साखळी पिल्लांसह वर होती, कडी आबांनीच घातली होती, फक्त शिडी काढायची होती.

दहा-बारा पावलं गेल्यावर लक्षात आलं की साखळी माझ्याकडे बघत नाहीये. ती जाळीला अंग लावून उसाकडे तोंड करून उभी होती. भुंकत नव्हती. तिच्या मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे होते आणि मागचे पाय कापत होते. पिल्लं तिच्या पोटाखाली गप्प होती. चारही.

वारा नव्हता. उसाची पाती सगळीकडे स्थिर होती, एका ठिकाणी सोडून. तिथे एक पातं हललं आणि थांबलं. मग त्याच्या शेजारचं. फार सावकाश, कुणी हाताने बाजूला धरावं तसं. आणि वास आला, ओल्या गोणपाटासारखा, थोडा आंबूस.

मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. शिडी माझ्यापासून बारा पावलांवर होती. मी मोजली. बारा जायला, बारा यायला, आणि मधे शिडी उचलायला उसाकडे पाठ करावी लागणार होती.

मी मागे मागे आले. पाठ न फिरवता, ओट्याच्या जाळीला हात लागेपर्यंत.

तेव्हा हाक मारायला हवी होती. गोठा तिथून वीस पावलांवर होता. आबा आले असते, डबा वाजवत, काठी आपटत, आम्ही दोघांनी शिडी आणली असती आणि आबांनी त्यावर काहीतरी बोलून हसवलं असतं. मी तोंड उघडलं होतं. पण सहा दिवस आईला हसल्याचं आठवलं, आणि ‘लहानपणी तू घाबरायची नाहीस’ हे आठवलं. हौदाला टेकलेली आखूड शिडी समोर होती.

मी ती आत आणली. तिसऱ्या खुंटीखाली भिंतीला उभी केली तर इतर दोघींपेक्षा फूटभर बुटकी दिसली. माळ्यांच्या कामाच्या उरलेल्या विटा ओट्याच्या कोपऱ्यात होत्या. तीन विटा एकावर एक ठेवल्या, त्यांवर ती उभी केली, फास खुंटीत अडकवला. विटा दिसू नयेत म्हणून पेंडीचं पोतं ओढून पुढे आणलं. वरची टोकं एका रेषेत आली. मग जाळीची कडी घातली. उद्या सकाळी टाकीवर ऊन आलं की सगळ्यांच्या आधी उठायचं, खरी शिडी आणायची, ही हौदाला लावायची, असं ठरवलं. साखळीचं मी मनात येऊ दिलं नाही.

जेवायला बसलो. आबांनी खिडकीतून बघितलं.

“एक, दोन, तीन,” ते म्हणाले. पहिल्यांदाच तीन म्हणाले. “झालं. आता येऊ दे त्याला.”

“भरल्या ताटावर नाव नको त्याचं,” आई म्हणाली.

मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले. आबांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हणाले, दमलेय. त्यांनी मला त्यांच्या ताटातला कांदा दिला. मागच्या बाजूने काहीही आवाज येत नव्हता, कुत्र्यांचा नाही, रातकिड्यांचा नाही. मी प्रत्येक घासाला थांबून ऐकत होते. आई म्हणाली, बघा, आज कुत्री कशी निवांत आहेत.

झोप कधीतरी लागली असणार, कारण जाग आली ती आवाजाने. खिडकीत काळोख पातळ झाला होता, माणसाचं तोंड ओळखू येणार नाही एवढाच उजेड होता. ओट्यावर पोतं सरकवल्याचा आवाज आला. पेंडीचं पोतं जड असतं, फरशीवर घासत जातं. मग थोडा वेळ काही नाही. मग वीट. कुणीतरी वीट विटेवर ठेवत होतं, आवाज होऊ नये म्हणून कड आधी टेकवून. एक. दोन. तीन. मग फळीचं टोक भिंतीला घासलं. मग जाळीची कडी.

मला सगळं कळलं. आबा पाणी प्यायला उठले असतील, ओट्यावर आले असतील. आयुष्यभर ज्याने रेषा बघितल्या त्याला एका खुंटीखाली पोतं का आलं हे बघायला दिवा लागला नसेल. कुठे निघालेत तेही कळलं. मी उठून बसले असते, नुसतं “आबा” म्हटलं असतं, तरी ते थांबले असते. चप्पलांचा आवाज हौदापर्यंत गेला. तिथे फळी टेकवल्याचा आवाज. मग चप्पल पुढे, मागच्या बाजूला.

मी पांघरुणात पडून राहिले. मी फक्त मोजत होते. पंचवीस पावलं. एकवीस, बावीस, तेवीस. पोचले असतील. आता शिडी उचलली असेल. आता फिरले असतील.

एकदम तिन्ही कुत्री भुंकली. कधी ऐकलं नव्हतं असं, किंचाळल्यासारखं. आणि तिन्ही एकदम गप्प झाली.

मी पुन्हा एकपासून मोजायला लागले. पंचवीस झाले. पन्नास झाले. आई कुशीवर वळली. शंभर झाले.

दिवस उजाडल्यावर आईच उठली. मी तिच्या मागोमाग गेले.

आबा माळ्याच्या पाइपाला पाठ टेकून बसले होते. पाय पुढे पसरलेले, एका पायात चप्पल. शिडी त्यांनी काढली होती. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर आडवी होती आणि त्यांचा उजवा हात तिच्या फासात होता. विजेरी दुसऱ्या हाताशी पडून अजून पिवळी जळत होती. अंगावर कुठे ओरखडा नव्हता. वर साखळी जाळीला नाक लावून उभी होती आणि पिल्लं तिला लुचत होती.

समोर सरीत आदल्या दिवशी पाणी सोडलं होतं. त्या ओल्या मातीत माग होते. उसातून निघून सरळ आलेले, आणि आबांच्या पायांपासून थोड्या अंतरावर थांबलेले. वनखात्याच्या माणसाने नंतर मोजलं, सात फूट. तिथे तो बसला होता. बैठकीचा आणि शेपटीचा ठसा स्वच्छ उठला होता. बराच वेळ बसला असावा, म्हणाला तो माणूस, आणि मग उठून आल्या वाटेने गेला. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. आबांनी त्याला बघितलं का, किती वेळ बघितलं, ते कुणाला सांगता येणार नव्हतं.

लोक जमायच्या आत मी एकदा ओट्यावर आले होते, पाणी न्यायला. पेंडीचं पोतं त्याच्या कोपऱ्यात होतं. विटा ढिगावर होत्या. आखूड शिडी मी उचलली होती तिथेच, हौदाला, तशीच टेकलेली होती. खुंट्यांवर दोन शिड्या होत्या आणि तिसरी खुंटी रिकामी होती. त्यांनी ती खऱ्या शिडीसाठी रिकामी केली होती. ऊन यायच्या आत ती तिथे लागली असती, मी उठले असते, तीन शिड्या दिसल्या असत्या, आणि आबा त्यावर कधीही काही बोलले नसते.

गेनभाऊंनी सगळं बघितलं, रिकामी खुंटी, काढलेली शिडी, आणि डोक्याचा टॉवेल सोडून डोळे पुसले. “पिल्लं बघाया गेला,” ते म्हणाले. “माया वाईट. स्वतःचाच नियम मोडला.”

आईने माझ्याकडे बघितलं. “शिड्या तू आणल्या होत्यास ना गं तिन्ही?”

“हो,” मी म्हणाले. “त्यांनी मोजल्या ना.”

तेराव्यानंतर आईने तिन्ही कुत्री आणि पिल्लं गेनभाऊंकडे पोचवली. मी आखूड शिडी गोठ्याच्या आढ्यावर, पत्र्याखाली, हात पोचेल तितकी आत सरकवली आणि पुण्याला आले.

याला अकरा वर्षं झाली. आई अजून वस्तीवरच राहते. आबांचा फोटो तिने लावला, पण त्याला हार कधी घातला नाही. वर्षश्राद्धाला पान वाढते, दिवा लावते आणि दर वर्षी एकदा तरी म्हणते, कुणाला उद्देशून नाही, “चाळीस वर्षं संसार केला. टाकीवर ऊन येईतो धीर निघाला नाही त्या माणसाला. कुत्र्यांपुढे मी दिसले नाही.” पहिल्या वर्षी मी उठून आत गेले. नंतर नंतर बसून राहायला लागले.

या वर्षी गोठ्याचे पत्रे बदलायला काढले होते. मी दुपारी पोचले तेव्हा आई अंगणात बाजेवर बसली होती आणि तिच्या मांडीवर एक फळी आडवी होती. धूळ पुसून झाली होती. तिने चष्मा वर केला.

“आढ्यावर सापडली. ही तुझी चुकलेली ना?” ती म्हणाली. फळी उलटी करून अंगठा फिरवला. जांभळी अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. “बघ कसं लिहिलंय. एक फूट कमी. वै.” ती थोडी हसली. मग हसू गेलं. “एवढं मापाचं माणूस. मला एकच कळत नाही, वैजू. पिल्लं काय पळून जाणार होती का?”

मी तिच्या शेजारी बसले. फळीचं दुसरं टोक माझ्या मांडीवर आलं. मी ते धरलं.

“आई, आबा पिल्लं बघायला गेले नव्हते. शिडी आणायला गेले होते. मी तिसरी शिडी काढलीच नव्हती, तिच्या जागी ही उभी केली होती. ते निघाले तेव्हा मी जागी होते.” आईचा अंगठा त्या अक्षरांवर थांबला होता. “मला भीती वाटली होती.”